पडलेल्या दगडाची जागा

प्रश्न : मी अकोटच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवते. यंदा मुलांना घेऊन नरनाळा आणि गाविलगड असे दोन्ही किल्ले पाहून आले. गाविलगडावरच्या जामा मशिदीची मागची भिंत आणि घुमटांची मागची रांग पडलेली आहे. ते पाहून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे मशीद पुन्हा कावून नाही बांधत?" मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचनात आलं, की बोस्निया देशात युद्धाच्या काळात सुरुंग लावून उडवलेली तुर्की अमलातली मशीद जुनेच दगड शोधून पुन्हा उभी केली. हे खरं आहे का? हजारो तुकड्यांतून कुठला दगड कुठं बसतो हे कसं कळतं? अशी इमारत जुनी म्हणायची की नवी? आणि आपल्या गाविलगडावर असं काही होऊ शकेल का?
— एक वाचक शिक्षिका, अकोट

उत्तर : ताई, तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न जगभरचे वास्तुतज्ज्ञ गेली साठ वर्षं एकमेकांना विचारत आले आहेत. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं क्रमानं देतो.

हे खरं आहे का?

खरं आहे. बोस्नियात बान्या लुका नावाचं शहर आहे. तिथं १५७९ साली फरहाद पाशा सोकोलोविच या उस्मानी सरदारानं एक मशीद बांधली. त्याच्याच नावावरून तिला फेरहादिया म्हणतात. १५७५ च्या लढाईत ऑस्ट्रियाच्या बाजूचा आउअर्सपर्ग हा सरदार मारला गेला आणि त्याचा मुलगा कैद झाला. त्या मुलाच्या सुटकेसाठी जी रक्कम मिळाली, तिच्यातून ही मशीद उभी राहिली, असं तिथले लोक परंपरेनं सांगतात. इमारत फार मोठी नव्हती. मधोमध एक मुख्य घुमट, त्याला टेकलेले अर्धे घुमट, पुढं ओसरी, बाजूला उंच सडपातळ मिनार आणि आवारात कबरींच्या छत्र्या. १९६९ साली बान्या लुकाला मोठा भूकंप झाला, त्यातूनही ती राहिली.

६ आणि ७ मे १९९३ च्या मधल्या रात्री ती सुरुंगानं उडवली गेली. पलीकडची अर्नाउदिया मशीदही त्याच रात्री, काही मिनिटांच्या अंतरानं गेली. इथं एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. बोस्नियात १९९२ ते १९९५ युद्ध चालू होतं, पण बान्या लुका शहरात लढाई होत नव्हती. ते शहर सर्ब फौजांच्या ताब्यात होतं. मशिदीवर चुकून गोळा पडला नाही, कुणीतरी मोजूनमापून दारू भरली. त्या युद्धात शहरातल्या सोळाच्या सोळा मशिदी पाडल्या गेल्या. फेरहादियाचे दगड गाड्यांत भरून शहराच्या कचरा डेपोवर नेऊन टाकले, काही फोडून भरावात घातले. मोकळ्या झालेल्या जागेत मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या भागातले राजकीय नेते रादोस्लाव ब्रजानिन यांना २००४ साली शिक्षा सुनावली. त्यांच्यावर सिद्ध झालेल्या गुन्ह्यांत धर्मस्थळांचा विध्वंस हाही एक गुन्हा होता.

पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हाही वाट सोपी नव्हती. ७ मे २००१ रोजी पायाभरणीच्या कार्यक्रमावर जमाव चालून आला. दगडफेक झाली, बसगाड्या जाळल्या आणि त्या हल्ल्यात जखमी झालेला एक माणूस पुढं दगावला. तरी काम सोडलं नाही. साराएव्होच्या स्थापत्य विद्यालयातले प्राध्यापक मुहामेद हामिदोविच यांच्या देखरेखीखाली आराखडे झाले, तुर्कस्तानातून मदत आली. आणि ७ मे २०१६ रोजी, म्हणजे पाडली त्याच तारखेला, तेवीस वर्षांनी मशीद पुन्हा उघडली. तिच्यात निम्म्याहून अधिक दगड जुनेच आहेत.

कुठला दगड कुठं बसतो हे कसं कळतं?

हा माझ्या सर्वांत आवडीचा भाग आहे, कारण यात तुमचं सातवीचं गणितही कामाला येतं.

कचरा डेपोतून आणलेला प्रत्येक तुकडा आधी धुतला जातो, मोजला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले जातात. मग त्याची तपासणी सुरू होते. दगडाला सहा बाजू असतात आणि प्रत्येक बाजू काहीतरी सांगते. जी बाजू चारशे वर्षं पाऊस खात होती ती खडबडीत आणि काळवंडलेली असते. आतल्या बाजूला गिलाव्याचा किंवा रंगाचा पापुद्रा चिकटलेला असतो. ज्या बाजू दुसऱ्या दगडांना टेकलेल्या होत्या, तिथं चुना आणि टाकीचे घाव ताजेतवाने दिसतात. एवढ्यावरून दगडाचं तोंड कुठं आणि पाठ कुठं ते ठरतं.

मग उंची. भिंत थरांनी चढते आणि एका थरातले दगड सारख्या उंचीचे असतात. उंची जुळली की थर सापडतो. त्यानंतर भोकं आणि खाचा. उस्मानी गवंडी दोन दगडांना लोखंडी आकड्यानं जोडून खाचेत वितळलेलं शिसं ओतत. शिशामुळं लोखंड गंजत नाही, आणि जमीन हलली तर ते थोडं दबून धक्का पोटात घेतं. खालच्या दगडाच्या माथ्यावरची खाच वरच्या दगडाच्या तळाशी असलेल्या खाचेवर बरोबर बसली, की जोडी सापडली म्हणायचं.

कमानीचा दगड तर स्वतःच आपला पत्ता सांगतो. तो पाचरीसारखा असतो, बाहेरून रुंद आणि आतून अरुंद. समजा, तुमच्या हाती असा एक दगड लागला : बाहेरची रुंदी ३० सेंटिमीटर, आतली २७ आणि खोली ३०. म्हणजे ३० सेंटिमीटर आत जाताना तो ३ सेंटिमीटरनं निमुळता झाला. उरलेले २७ संपायला याच प्रमाणात आणखी २७० सेंटिमीटर जावं लागेल. तोच त्या कमानीचा अर्धव्यास : २ मीटर ७० सेंटिमीटर. कमान अर्धगोल असेल तर तिचा गाळा ५ मीटर ४० सेंटिमीटरचा. एका तुटक्या दगडावरून आख्खी कमान फळ्यावर काढून दाखवता येते. मुलांना हे उदाहरण जरूर सोडवायला द्या.

मात्र एवढ्यानं भागत नाही. दगड सुटे सुटे बोलतात, त्यांची गोष्ट सलग लावायला जुनी मोजमापं, नकाशे आणि फोटो लागतात. फेरहादियाचे फोटो आणि रेखाटनं पुरेशी शिल्लक होती, म्हणून शक्य झालं. कुणीतरी पर्यटक म्हणून उभं राहून काढलेला एखादा कृष्णधवल फोटोसुद्धा अशा वेळी पुरावा ठरतो. त्यात दगडांच्या सांध्यांच्या रेषा दिसत असतील, तर त्या एका फोटोवरून पन्नास दगड जागेवर जातात.

जुनी म्हणायची की नवी?

१९६४ साली व्हेनिस शहरात जगभरचे वास्तुतज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक सनद लिहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की प्राचीन अवशेषांच्या बाबतीत कल्पनेनं नवं बांधकाम करू नका. मूळ तुकडे शिल्लक असतील तर ते परत जुळवा, आणि जुळवताना जे नवं घालाल ते पाहणाऱ्याला ओळखू आलं पाहिजे. म्हणजे रफू करायला हरकत नाही, पण रफू लपवू नका.

बोस्नियातच या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं मिळतात. मोस्तार शहरातला १५६६ सालचा दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्यानं नदीत कोसळला. पाण्यातून दगड वर काढले, पण त्यांतले बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे उरले नव्हते. म्हणून त्याच भागातल्या दगडांतून, जुन्याच पद्धतीनं घडवून २००४ साली नवा पूल बांधला. फेरहादियात जुने दगड अधिक आणि नवे कमी. तिसरी फोचा गावची अलाजा मशीद. अलाजा म्हणजे रंगीबेरंगी. १५५० च्या सुमारास बांधलेली, आतून फुलापानांच्या चित्रांनी सजवलेली ही मशीद १९९२ साली उडवली गेली. पुढं २००४ साली फोचाजवळ मारलेल्या माणसांचं एक सामूहिक दफन खणलं, तेव्हा माणसांच्या हाडांबरोबर त्याच खड्ड्यात या मशिदीचे कोरीव दगड सापडले. माणसं आणि त्यांची मशीद एकाच खड्ड्यात पुरली होती. ते दगड उचलून, पुसून परत भिंतीत बसवले गेले आणि मे २०१९ मध्ये अलाजा पुन्हा उघडली.

हे वाचल्यावर मला वाटतं, की जुनी की नवी हा प्रश्न दोन भागांत विचारावा. वास्तू म्हणून फेरहादिया ही १५७९ च्या दगडांची, २०१६ साली पूर्ण झालेली इमारत आहे, आणि तसंच सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. पण जे लोक युद्धानंतर घरी परतले, त्यांच्यासाठी तिथून पुन्हा अजान ऐकू येणं म्हणजे आपण या गावचे आहोत हे परत मिळणं होतं. युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातच राष्ट्रीय स्मारकं जपण्यासाठी एक स्वतंत्र आयोग नेमण्याचं कलम घातलं होतं, ते यासाठीच. पाडणाऱ्यांना त्या गावातून एका समाजाची खूणच पुसायची होती. तिथं पुन्हा बांधणं हाच न्याय होता.

मग गाविलगडावर असं होऊ शकेल का?

आता आपल्या घरी येऊ. गाविलगडावरची जामा मशीद फत्हुल्ला इमाद-उल-मुल्कनं १४८८ च्या सुमारास बांधली. त्याच्या आदल्याच वर्षी, १४८७ साली, त्यानंच नरनाळ्याचा महाकाली दरवाजा उभा केला. पांढुरक्या वालुकाश्मातला तो दरवाजा तुम्ही मुलांना दाखवलाच असेल : कोरलेली कमळं, अरबी लेख आणि दोन्ही अंगांना पुढं आलेल्या सज्जांतल्या दगडी जाळ्या. जाळ्यांचे नमुने जागोजागी बदलतात. हा फत्हुल्ला जन्मानं विजयनगरकडचा ब्राह्मण. लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, मुसलमान झाला आणि पुढं इमादशाहीचा संस्थापक ठरला. गाविलगडाच्या दरवाजावर त्याच्या काळचा गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कोरलेला आहे. तो नक्षीसाठी कुठून कुठून रूपं घेत होता, ते त्या एका पक्ष्यावरून समजतं.

लढाईही आपल्याकडं आली होती. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटजवळच्या अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. मग इंग्रज गाविलगडाकडं वळले. कर्नल स्टिव्हन्सनच्या तुकडीनं सातपुड्याच्या रानातून तोफा ओढत उत्तरेकडून गड गाठला, तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढं १८५८ साली तात्या टोपे यांच्या धास्तीनं इंग्रजांनी गडाची तटबंदी निकामी केली.

पण ताई, गाविलगड आणि बान्या लुका यांच्यात मोठा फरक आहे. १८०३ च्या तोफा उत्तरेच्या तटावर रोखलेल्या होत्या आणि मशीद आहे दक्षिणेच्या अंगाला, उंचावर. तिच्या दर्शनी भागात सात कमानी आहेत, घुमटांच्या तीन रांगा होत्या, त्यांपैकी पश्चिमेची रांग मागच्या भिंतीसकट गेली. असं पडायला तोफेचा गोळा लागत नाही. घुमटावरचा गिलावा फुटतो, पाणी आत मुरतं, सांध्यातला चुना धुपून जातो. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी तिथं पडतं. त्याचं मूळ पहिल्या वर्षी दोऱ्याएवढं असतं, वीस वर्षांनी ते मनगटाएवढं होऊन दोन दगडांना दूर सारतं. आणि माणसं नांदायची थांबली, की ते रोप उपटायला कुणी नसतं.

म्हणून तुमच्या विद्यार्थिनीला माझं उत्तर असं : गाविलगडाची मशीद फेरहादियासारखी आख्खी पुन्हा बांधू नये. तिथं कुणाला गावात परतायचं नाही, कुणाचा पुसलेला हक्क परत मिळवायचा नाही. गाविलगड आणि नरनाळा ही केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं संरक्षित केलेली स्मारकं आहेत, आणि तिथला पहिला धर्म आहे जे उरलं ते राखणं. कललेल्या कमानीखाली आधार द्यावा, मुळं काळजीपूर्वक मारावीत, सांधे पुन्हा चुन्यानं भरावेत, घुमटावरचं पाणी वाहून जाईल अशी सोय करावी. चुना असंच का म्हणतो, तर सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल बाहेर पडू देत नाही आणि शेवटी दगडालाच फोडतं. आपल्या जुन्या गवंड्यांनी कळीचा चुना भिजवून, घाण्यात बैलांकडून मळून घेतला, त्यात विटांची भुकटी, बेलफळाचा गर, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. तो चुना पाचशे वर्षं टिकला. दुरुस्ती त्याच जातीच्या मालानं व्हावी.

मात्र जे दगड तिथंच पायाशी पडलेले आहेत, ते ओळखून परत जागेवर चढवणं हे काम आपल्या देशातही झालेलं आहे. मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात बटेश्वर इथं आठव्या ते अकराव्या शतकांतली सुमारे दोनशे लहान-मोठी मंदिरं अक्षरशः दगडांचे ढीग होऊन पडली होती. पुरातत्त्व विभागाचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून तिथं काम सुरू केलं. परिसर दरोडेखोरांचा होता. तरीही दगड ओळखून, जुळवून, परांच्या बांधून त्यांनी आणि त्यांच्या कामगारांनी ऐंशीच्या आसपास मंदिरं पुन्हा उभी केली. केरळातला एक मुसलमान अधिकारी चंबळच्या खोऱ्यात शिवमंदिरांचे दगड जुळवत बसला, ही गोष्ट वर्गात सांगायलाच हवी. आणि अकोटच्या मुलांना ती परकी वाटायचं कारण नाही. तुमच्या गावचे संत नरसिंग महाराज हे कोतशा अली या मुसलमान संताचे शिष्य, हे वऱ्हाडातलं लहान पोरही जाणतं.

बटेश्वर शक्य झालं ते एकाच कारणानं : पडलेले दगड पडले तिथंच होते. बान्या लुकात ते कचऱ्यातून वेचून आणावे लागले, आणि जे सापडले नाहीत ते कायमचे गेले. आपल्या किल्ल्यांवर आज दगड बहुतांशी जागेवर आहेत. त्यांना धोका आहे तो हौशी हातांचा. कुणी कोरीव तुकडा बैठकीसाठी हलवतं, कुणी चुलीसाठी तीन दगड मांडतं, कुणी आठवण म्हणून जाळीचा तुकडा पिशवीत टाकतं. साफसफाईच्या उत्साहात पडलेले दगड नीट रचून ठेवणारेही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण दगड जिथं पडला ती जागाच सांगते की तो कुठून पडला. जागा बदलली की दगड मुका होतो.

नरनाळ्यावरच्या जामा मशिदीवर १५०९ सालचा एक अरबी लेख होता, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. त्यातला ‘होता’ हा शब्द मुलांच्या लक्षात आणून द्या. लेखाची बातमी उरली, पण लेखाचा ठसा कुणी घेऊन ठेवला असता तर आज त्याचं अक्षर अन् अक्षर आपल्याजवळ असतं.

तेव्हा ताई, तुमच्या वर्गाला एक काम सुचवतो. यात काही खोदायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. दरवर्षी एकदा, शक्यतो त्याच महिन्यात, शहानूरच्या फाटकावर वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन नरनाळ्यावर जा. महाकाली दरवाजा आणि मशिदीचे अवशेष यांच्यासमोर ठरावीक पाच जागा निवडा. दरवर्षी त्याच जागांवरून, तितक्याच उंचीवरून फोटो घ्या. एका फोटोत मीटरपट्टी धरून एक मूल उभं करा, म्हणजे माप मिळेल. प्रत्येक फोटोवर तारीख लिहा आणि शाळेत एक फाइल ठेवा. दोन फोटो शेजारी ठेवून कुठं नवी भेग दिसली, कुठं पिंपळाचं रोप उगवलं, कुठला दगड सरकला, ते मुलांना शोधू द्या. काही आढळलं तर पुरातत्त्व विभागाला शाळेच्या पत्रानं कळवा. संरक्षित स्मारकाचं नुकसान करणाऱ्याला १९५८ च्या कायद्यानं, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही मुलांना माहीत असू द्या.

दहा वर्षांनी त्या फाइलमध्ये पन्नास फोटो जमतील. उद्या एखादी कमान पडलीच, तर ती परत कशी चढवायची हे विचारायला तज्ज्ञ तुमच्या शाळेत येतील. तुमच्या त्या विद्यार्थिनीला सांगा, की पहिला फोटो तिनं काढावा आणि त्याखाली तारीख तिच्या हातानं लिहावी.